संगणकाची नोंद खोटी असू शकते का?



कुरखेडा तालुक्यातल्या आमच्या शाळेत इंटरनेट असून नसल्यासारखं. म्हणून चाचणीसाठी मी माझ्या लॅपटॉपवरच एक छोटी वेबसाइट बनवली होती. मुलांनी टॅबवर उत्तरं द्यायची आणि शेवटी अभिप्राय लिहायचा. कोणी, किती वाजता, काय केलं याची एकेक ओळ एका फाइलमध्ये आपोआप उमटायची. या फाइलला 'लॉग' म्हणतात. संगणकाची आवक-जावक नोंदवहीच समजा.

मार्चमध्ये एकदा लॉगमध्ये ओळ दिसली : 'हजेरी क्र. १४, गुण बदलले, ६ चे १८.' सातवीतली मुलगी. मी तिला सगळ्यांसमोर उभं केलं. "मी नाही केलं जी, सर," एवढंच ती म्हणत राहिली. "मग संगणक खोटं बोलतो का?" असं मी विचारलं. ते वाक्य आठवलं की आजही लाज वाटते.

पुढचे दोन दिवस ती आली नाही. मोहफुलं वेचायला गेली असेल, अशी मी मनाची समजूत घातली. मग गुणतक्ता उघडला, तर तिचे गुण सहाचे सहाच! काहीच बदललं नव्हतं, फक्त बदलल्याची ओळ होती. त्या ओळीच्या अगदी वर एका मुलाचा अभिप्राय होता, 'चाचणी छान होती.' तिथे त्याने एंटर दाबून पुढची ओळ स्वतःच टाइप केली होती. प्रोजेक्टरवर लॉग दाखवला तेव्हा नोंद कशी दिसते ते त्याने पाहून ठेवलं होतं. गंमत म्हणून केलं म्हणाला.

यालाच 'लॉग इंजेक्शन' म्हणतात. बाहेरून आलेला मजकूर न तपासता नोंदीत गेला, की खोटी नोंद खरीसारखी दिसते. चेकवर रकमेपुढे आपण 'फक्त' लिहितो, रेघ मारतो. माझ्या प्रोग्राममध्ये ती रेघच नव्हती.

ही चूक मोठ्यांकडूनही होते. लॉग लिहिण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या 'लॉग फोर जे' या सॉफ्टवेअरमध्ये डिसेंबर २०२१ मध्ये याहून भयंकर दोष उघड झाला. विशिष्ट मजकूर नोंदीत गेला, की सॉफ्टवेअर तो आज्ञा समजून पाळायचं. माइनक्राफ्ट खेळाच्या चॅटमध्ये तो मजकूर टाकूनही सर्व्हर ताब्यात घेता येत होता. त्या दोषाची तीव्रता १० पैकी १० ठरली.

माझा उपाय सोपा होता. अभिप्रायात एंटर आला तर नवी ओळ सुरू न करता तिथे एक खूण उमटते, आणि मुलांचा मजकूर वेगळ्या रकान्यात जातो.

दुसरी दुरुस्ती अवघड होती. मी तिच्या घरी गेलो, आईवडिलांसमोर चूक कबूल केली. नंतर वर्गातही सगळ्यांसमोर माफी मागितली, कारण आरोपही तिथेच केला होता. त्या मुलानेही मागितली.

आता लॉगमध्ये काही वावगं दिसलं, तर आधी गुणतक्ता उघडतो. मुलाला नंतर बोलावतो, आणि तेही एकट्याला.