दुपारी बारापर्यंतची मुदत

न्यूयॉर्क नगरपालिकेच्या वतीने चालणाऱ्या प्राणिनिवाऱ्यांतून सायंकाळी एक यादी बाहेर पडते, आणि त्या यादीत ज्या कुत्र्यांची नावे असतात त्यांना दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत कोणी मागून घेतले नाही, तर त्यांच्या आयुष्याचा शेवट करण्याचा निर्णय केव्हाही होऊ शकतो. प्रत्येक नावापुढे छायाचित्र, अदमासे वय, वजन, जनावर कोठे व कोणत्या अवस्थेत सापडले याची हकीकत, वैद्यकीय टिपण आणि शेवटी वर्तनाचा शेरा असा सारा मजकूर असतो. हा मजकूर तारखांच्या क्रमाने, सावकाश वाचण्याची सवय मी स्वतःला लावून घेतली आहे. कारण जे काही घडले ते त्या तारखांच्या मधल्या अंतरात घडलेले असते, आणि घाईने वाचणाऱ्याच्या मनावर मात्र केवळ अखेरच्या शेऱ्याचा ठसा उमटतो.

मेपलचे दप्तर मी असेच वाचले. हे नाव निवाऱ्यातील कोणा कर्मचाऱ्याने दिलेले; मूळचे काही नाव असेल तर ते, ज्याने तिला ब्राँक्समधल्या एका उद्यानाच्या कठड्याला बांधून ठेवले, त्याच्याबरोबरच गेले. वय दोन-तीन वर्षे, वजन पंचवीस किलोच्या आसपास, तपकिरी अंगावर काळसर पट्टे, कपाळ रुंद, छातीवर पांढरा डाग. कातडीखाली मायक्रोचिप नाही, गळ्यात बिल्ला नाही, आणि बेवारस कुत्र्याच्या मालकाची वाट पाहण्याची जी 72 तासांची मुदत या शहरात आहे ती कोणी रुजू न होताच सरली. पहिल्या दिवसाची नोंद सांगत होती की, ही कुत्री अंग सैल सोडून जवळ येते, कान व पंजे तपासू देते, हातावरचा खाऊ अलगद उचलते. दुसऱ्या आठवड्यात ती अर्धे अन्न तसेच ठेवू लागली. पुढे पिंजऱ्यात गरगर फिरणे, भिंतीवर उड्या घेणे, फिरावयास नेताना पट्टा दातांत धरून हिसडणे, आणि परत आत जाण्याची वेळ आली की दाराशीच अंग टाकून देणे, असा क्रम नोंदला गेला. मन शांत राहावे म्हणून ट्रॅझोडोन सुरू झाले. त्यानंतर एके सकाळी जाळीपलीकडून जाणाऱ्या कुत्र्यावर ती धावून गेली, पट्टा अडकविणाऱ्या हातावर गुरगुरली, आणि तिची प्रतवारी बदलली: सामान्य नागरिकास दत्तक देऊ नये, फक्त मान्यताप्राप्त बचावसंस्थेच्या हवाली करावे. मग यादीत तिचे नाव आले.

या नोंदी करणाऱ्या माणसांविषयी माझ्या मनात आदरच आहे. आपल्या देखरेखीखालच्या जनावराविषयी जे दिसले ते जसेच्या तसे लिहून ठेवणे हे त्यांचे कर्तव्य आहे, आणि ते करताना त्यांच्यापैकी कित्येकांचे डोळे भरून येतात हे मी पाहिले आहे. परंतु ज्याची ही साक्ष आहे असे आपण मानतो, ते या साक्षीतून मुळी प्रकटच होत नाही, असे मला दिवसेंदिवस अधिकाधिक वाटू लागले आहे. कुत्र्याच्या स्वभावाची म्हणून जी टिपणे आपण वाचतो ती पुष्कळ अंशी त्या जागेची टिपणे असतात. पूर्व हार्लेममध्ये 110 व्या रस्त्यावर, पहिल्या व दुसऱ्या अॅव्हेन्यूच्या मध्ये, जो निवारा आहे तेथे मी स्वयंसेविका म्हणून जाते. आणि तेथेच काय, जगातल्या कोणत्याही मोठ्या निवाऱ्यात गेले तरी आत पाऊल टाकल्याबरोबर अनुभव येतो तो आवाजाचा. एका कुत्र्याने भुंकावयास आरंभ केला की पोलाद आणि सिमेंट यांवर आदळून तो ध्वनी दुणावतो, त्याला दुसरे कुत्रे उत्तर देते, आणि ओळीतली सारी कुत्री जागी होतात. निवाऱ्यांतून मोजलेला हा आवाज अनेक ठिकाणी 100 डेसिबलच्या वर गेलेला आढळला आहे. माणसाने आठ तासांच्या पाळीत सोसावयाची मर्यादा म्हणून अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्याच्या तज्ज्ञांनी 85 डेसिबल ही सुचविलेली आहे, आणि कुत्र्याचे कान तर माणसापेक्षा कितीतरी तीक्ष्ण. सेवकवर्ग पाळी संपवून घरी जातो. कुत्रे मात्र रात्रंदिवस तेथेच असते, आणि गाढ झोप म्हणजे काय हे हळूहळू विसरते.

ही केवळ माझी भावना असती तर मी ती इतक्या निश्चयाने मांडली नसती. लिसा गंटर व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2019 मध्ये अमेरिकेतील पाच निवाऱ्यांमधल्या 207 कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ही कुत्री एक-दोन रात्रींसाठी कोणाच्या तरी घरी पाठविण्यात आली, आणि मूत्रातील कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाच्या वेळी शरीरात वाढणारे संप्रेरक, आधी, त्या मुक्कामात आणि नंतर मोजण्यात आले. घरी असताना ते उतरले. सलग विश्रांतीचा काळही घरीच सर्वांत दीर्घ होता. निवाऱ्यात परतल्यावर संप्रेरकाचे प्रमाण पुन्हा पूर्वीच्या पातळीवर आले, त्याच्या वर मात्र गेले नाही. अवघ्या एका रात्रीच्या निवांतपणाने शरीर इतका प्रतिसाद देते. त्याआधी 2016 मध्ये गॅरी पेट्रोनेक आणि जेनिस ब्रॅडली यांनी निवाऱ्यांत कुत्र्यांना मुद्दाम डिवचून घेतल्या जाणाऱ्या स्वभाव-परीक्षांची छाननी केली आणि घरी गेल्यावर ते कुत्रे कसे वागेल याचा अंदाज बांधण्यास त्या नाणे उडविण्याहून अधिक उपयोगी नाहीत असा निष्कर्ष काढला. या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या म्हणजे मेपलचे दप्तर निराळे वाचता येते: पहिल्या दिवसाची कुत्री आणि यादीतली कुत्री यांच्यामध्ये जे उभे आहे ते तिच्या रक्तातले क्रौर्य नसून तिची हिरावलेली झोप आहे.

या शहराने आपल्या बेवारस कुत्र्यांच्या बाबतीत फार लांबचा पल्ला गाठला आहे, हेही सांगितले पाहिजे. एकोणिसाव्या शतकात पूर्व नदीच्या काठी, सोळाव्या रस्त्याच्या टोकाशी येथला कोंडवाडा होता. कुत्री पकडून आणणाऱ्यांना नगामागे पैसे मिळत, आणि ज्यांना सोडवावयास कोणी येत नसे ती लोखंडी पिंजऱ्यात भरून नदीत बुडविली जात. हेन्री बर्ग यांनी 1866 मध्ये प्राण्यांवरील क्रौर्याच्या निवारणासाठी संस्था स्थापन केली. तिने कोंडवाड्याचा कारभार हाती घेतला तो 1894 मध्ये, म्हणजे बर्ग यांच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी, आणि पुढे शतकभर चालविला. 1995 पासून नगरपालिकेशी करार केलेली निराळी संस्था हे काम पाहते. नगामागे बक्षीस देऊन कुत्री मारण्याचा प्रकार आमच्या मुंबईनेही पाहिला आहे. जून 1832 मध्ये कंपनी सरकारच्या त्या मोहिमेविरुद्ध पारशी मंडळींनी कोटात जो दंगा केला, दुकाने बंद पाडली आणि त्यापायी शिक्षाही सोसल्या, त्याचे स्मरण मला 110 व्या रस्त्यावर अनेकदा होते. ज्या जनावराला आपल्या धर्मात मानाचे स्थान आहे त्याच्यासाठी व्यापारी पेशाची सौम्य माणसे सरकारी फर्मानापुढे उभी राहिली, ही मुंबईच्या इतिहासातली फार मोठी गोष्ट आहे, आणि शाळेत ती आम्हाला कोणी सांगितली नाही याची मला खंत वाटते.

मेपलचा प्रश्न तातडीचा होता, आणि तातडीच्या वेळी अडते ते कोठे, हे वाचकांना कळावे म्हणून थोडे विस्ताराने सांगते. बचावसंस्था सही करते तेव्हा त्या कुत्र्याची संपूर्ण जबाबदारी तिच्यावर येते. परंतु अशा बहुतेक संस्थांना स्वतःची इमारत नसते, त्यांचे सारे कार्य स्वयंसेवकांच्या घरांतून चालते. म्हणून संस्था प्रथम विचारते, घर कोठे आहे? आणि ज्याच्याकडे घर आहे तो म्हणतो, आधी कुत्री तर पाहू द्या. रात्रीच्या काही तासांत ही दोन टोके जुळवावी लागतात. त्यात या शहरातील घरांचे नियम आड येतात. नगरपालिकेच्या गृहनिर्माण प्राधिकरणाच्या वसाहतींत 2009 पासून 25 पौंडांवरील कुत्र्यास आणि पिट बुल जातीस मज्जाव आहे. मेपल वजनातही बसत नव्हती आणि रूपातही. खाजगी भाडेकरारांत मनाईचे कलम सर्रास असते. 1983 चा एक उपकारक कायदा असा आहे की, तीन किंवा अधिक बिऱ्हाडांच्या इमारतीत भाडेकरूने उघडपणे पाळलेल्या जनावराविरुद्ध घरमालकाने तीन महिन्यांच्या आत दावा लावला नाही, तर ते कलम त्या जनावरापुरते निष्प्रभ होते. पण दुसऱ्या दिवशी दुपारी ज्याची मुदत संपते त्याला तीन महिन्यांचा कायदा काय कामाचा? शिवाय भिंतीला भिंत लागलेल्या सदनिकेत, उद्वाहनात शेजारच्या कुत्र्याशी रोज गाठ पडणार असेल, तर मेपलसारखीला तेथे नेणे म्हणजे तिला एका गजबजाटातून दुसऱ्या गजबजाटात ढकलणे. तिला हवी होती जमिनीलगतची एक शांत खोली, आणि घरात दुसरे जनावर नको होते.

अशी खोली क्वीन्सच्या पूर्व टोकाला बेलरोज भागात निघाली. तेथे स्वतंत्र, लहान अंगणाची घरे आहेत आणि आपल्याकडच्या लोकांची वस्तीही बरीच आहे. पुरंदर तालुक्यातले एक वयस्क जोडपे मुलाच्या घरी राहते. मुलगा आणि सून दिवसभर कामावर, नातवंडे शिक्षणासाठी बाहेरगावी, तळघर रिकामे. मी रात्री दूरध्वनी केला तेव्हा काकांनी शांतपणे एकेक प्रश्न विचारला: चावली तर जबाबदारी कोणाची, रात्री भुंकली तर शेजारी तक्रार करतील का, औषधाचा खर्च कोण देणार. प्रश्न रास्त होते आणि मी त्यांची सरळ उत्तरे दिली. कुत्री गुरगुरली होती हेही सांगितले. मग मुलाची परवानगी घेण्यात आली. एवढा वेळ काकू काहीच बोलल्या नव्हत्या. माझ्या मनात देवघराची, सोवळ्याची धास्ती होती. अखेर त्यांनी दूरध्वनी हाती घेतला आणि म्हणाल्या, "अगं, जेजुरीच्या पायथ्याशी माहेर आहे माझं. खंडोबाच्या पायाशी कुत्रं असतं, त्याला जन्मभर हात जोडले. आता जितंजागतं दाराशी येतंय, तर त्याला परत कुठल्या तोंडानं पाठवू? आणा तिला. फक्त सकाळी ये, रात्री मला तिचं अंथरूण करू दे." सकाळी घराचा पत्ता हाती पडताच संस्थेने सही केली. बारा वाजण्यास अवकाश होता.

नव्या घरी आलेल्या कुत्र्याविषयी येथे तीन दिवस, तीन आठवडे आणि तीन महिने असा ठोकताळा सांगतात: भय ओसरण्यास पहिले, दिनक्रम अंगवळणी पडण्यास दुसरे, आणि हे घर आपले असे वाटण्यास तिसरे. मेपलने पहिले दिवस कपडे धुण्याच्या यंत्रामागे काढले. काकू रोज दुपारी तळघरात खुर्ची टाकून वाती वळीत बसत, तिच्याकडे पाहत नसत, हाक मारीत नसत. अधूनमधून पनीरचा तुकडा तेवढा बाजूला टाकीत. कांदा, बेदाणे आणि मनुका कुत्र्याला विषारी असतात हे कळल्यावर त्यांनी शिऱ्यातले बेदाणेसुद्धा बंद केले, न जाणो एखादा खाली पडला तर म्हणून. एके दुपारी मेपल यंत्रामागून बाहेर आली, खुर्चीपासून हातभर अंतरावर आडवी झाली आणि संध्याकाळचा दिवा लागेपर्यंत झोपली. काकूंनी मला त्याच वेळी कळविले, आणि ती बातमी मी जितक्या आनंदाने ऐकली तितक्या आनंदाने गेल्या काही वर्षांत फार थोड्या बातम्या ऐकल्या असतील. तेव्हापासून तिचे अन्न पूर्ण जाते, पट्टा चावणे थांबले आहे, औषध पशुवैद्याच्या सल्ल्याने उतरत्या मात्रेवर आहे. रस्त्यात दुसरे कुत्रे दिसले की ती अद्याप ताठ होते, भुंकते. काका तेव्हा तिला घेऊन पलीकडच्या पदपथावर जातात. हे कदाचित पुढे कमी होईल, कदाचित होणार नाही. जे तिला नेतील त्यांनी ते होणार नाही असे समजूनच न्यावे.

आणि नेणारे कोणी तरी हवे आहेत, म्हणूनच हा प्रपंच. जानेवारीत पुण्याला नातीचे लग्न आहे, काका-काकू त्यासाठी जातील ते अक्षय्य तृतीयेपर्यंत परतणार नाहीत, आणि मुलगा-सून दोघेही सकाळी जाऊन रात्री येणारी. न्यूयॉर्क, न्यू जर्सी किंवा कनेटिकटमधील एखादे मराठी घर, ज्यात दिवसा कोणी तरी असते, दुसरे कुत्रे-मांजर नाही, अगदी लहान मुले नाहीत आणि बाहेर पडण्यास स्वतःचे दार आहे, ते डिसेंबर उजाडण्यापूर्वी मिळावयास हवे. अशा घरांची आपल्या मंडळींत वाण नाही. निवृत्त होऊन मुलांकडे आलेल्या कित्येकांचे दिवस येथे फार रिकामे जातात हे मी जाणते, आणि मेपलला नेमका असाच भरपूर, निरुद्योगी सहवास पाहिजे आहे. खाणे, औषधोपचार आणि शिक्षक यांचा खर्च दत्तकपत्र होईपर्यंत संस्था उचलते. पहिल्या भेटी काकूंच्या तळघरात, त्या स्वतः हजर असतानाच व्हाव्यात असे ठरले आहे. कोणत्याही कारणाने जमले नाही तर संस्था तिला केव्हाही परत घेईल अशी लेखी हमी करारात आहे, आणि तिला पुन्हा निवाऱ्यात धाडले जाणार नाही हे त्यातले कलम मी स्वतः वाचून पाहिले आहे.