वामीचे तोंड

आमच्या घरात वाम कधी शिजली नाही. "सापासारखी दिसते" एवढेच आईचे कारण. वडिलांना मात्र ती फार आवडायची. शेजारी वाम शिजली की ते तिकडे जेवून यायचे आणि घरी आल्यावर गप्प बसायचे!

३१ जुलैला मासेमारीबंदी संपली. त्यानंतर एका सकाळी मालीमच्या जेटीवर गेलो होतो. ओळखीच्या तांडेलाने खोल पाण्यातून आलेले एक नुस्ते बाजूला ठेवले होते. हातभर लांब, तपकिरी, डोळे मोठे, शेपूट दोरीसारखी बारीक होत गेलेली. मी ऐटीत म्हटले, "वाम!" शेजारची नुस्तेकान्न हसली. "तोंड पळय रे बाबा!"

तिने जबडा उघडून दाखवला. आपल्या बाजारातल्या वामीच्या टाळूवर मधोमध मोठ्या सुळ्यांची रांग असते. म्युरेनिसॉसिडी कुळाची ती खूणच. या माशाच्या टाळूवर तसले सुळे नव्हते. हा काँगर, म्हणजे काँग्रिडी कुळातला, वामीचा लांबचा भाऊबंद. पाठीचा पर डोक्याच्या थोडा मागे सुरू होऊन शेपटीच्या टोकाला वळसा घालून पोटाखाली येतो. कल्ल्यामागे छोटे पर असतात. मोरे ईलला ते नसतात. नेमकी जात सांगायला एवढ्यावर भागत नाही. तज्ज्ञ बाजूच्या रेषेवरची छिद्रे मोजतात, गुदद्वारापर्यंतची वेगळी. क्ष-किरण काढून मणकेसुद्धा मोजतात. आणि आपण बाजारात डोके उडवून तुकडे घेतो! मग ओळखणार कशावरून? असो.

त्या दिवशी साधी वाम घेतली, पण डोक्यासकट. घरी येऊन आईसमोर ताट ठेवले. तिचा हात धरून वामीच्या अंगावर फिरवला. खवले नाहीत, नुसती बुळबुळीत कातडी. कल्ल्याची फट दाखवली. समुद्रसापाला खवले असतात, कल्ले नसतात, पर नसतात, शेपूट वल्ह्यासारखी चपटी असते, हे सगळे सांगितले. ती बराच वेळ बघत राहिली.

"मग तुझ्या बाबांना एवढी वर्षं शेजारी कशाला पाठवलं मी?"

बाबा जाऊन सहा वर्षे झाली. मी काहीच बोललो नाही. थोड्या वेळाने तिने मला सोलां भिजत घालायला सांगितली.