सात नंबरचा फॉर्म

बाबांना जाऊन वर्ष झालं. परवा त्यांचा राखी स्वेटर कपाटातून काढला आणि बाहीला चुलीच्या धुराचा वास आला. खिशात सात नंबरचा फॉर्म होता, पाटाच्या पाण्याची मागणी करायचा. पुढची बाजू कोरी. मागे पेन्सिलीनं दोनच शब्द: काळभात, जिरवेल.

भंडारदऱ्याला आम्ही एकदाच गेलो. धरणाकाठी आठ खोल्यांचं हॉटेल, जाड रजया, अंगणात शेकोटी. मी आणि भाऊ पहाटे कळसूबाई चढून आलो. शिड्यांचं लोखंड इतकं गार की तळवे बधिर झाले. १६४६ मीटर, राज्यात याहून उंच काही नाही, असं मी बाबांना मोठ्या हौसेनं सांगत होतो. ते पाण्याकडे बघत होते.

आमचं शेत श्रीरामपूरकडं. आवर्तन सुटलं की बाबा रात्री दोनला खोरं घेऊन दारं धरायला जायचे. ऊस त्या पाण्यावर, आमची शिक्षणं त्या उसावर. ते पाणी सुटतं कुठून, हे त्यांनी साठी उलटेपर्यंत पाहिलं नव्हतं. चपला काढून ते काठावर उतरले, ओंजळ भरली. "इथून आपल्या वावरात यायला किती दिवस लागत असतील रे?" मी म्हणालो, "बाबा, चला, होडी सुटेल." ते आले नाहीत. हे मला अजून सलतं.

१९१० साली काम सुरू झालं, १९२६ च्या डिसेंबरात धरण पुरं झालं. भिंतीला गव्हर्नर विल्सनचं नाव, पाण्याला आर्थरचं. याच अकोले तालुक्याच्या मातीतल्या राघोजी भांगरेंना इंग्रजांनी १८४८ मध्ये ठाण्याला फाशी दिलं. जलाशयाला त्यांचं नाव मिळालं ते फार उशिरा. आणि ज्यांची खाचरं बुडाली, त्यांची नावं कशालाच नाहीत. याचा मला राग येतो.

रात्री सगळे शेकोटीभोवती, बाबा मात्र स्वयंपाकघरात चुलीपाशी. तिथल्या मावशी नागलीच्या भाकरी थापत होत्या आणि बाबा त्यांना विचारत होते, तुमच्याकडं पूर्वी भात कोणता व्हायचा?

सकाळी निघताना त्यांनी विचारलं, "खाचरं कुठं होती तुमची?"

मावशींनी पाण्याकडे हात केला. "ती होडी बांधलीय ना, तिच्या खाली. आज्याची व्हती."

आदल्या दिवशी आम्ही त्याच होडीतून फिरून आलो होतो.