नेरहून इनव्हरनेसला

नेरसारख्या गावात एखादी गोष्ट गुपित ठेवायची असेल, तर ती मुळात ठरवूच नये. येत्या मे महिन्यात सहकुटुंब स्कॉटलंडला जायचं, भाड्याची गाडी घ्यायची आणि ती आपणच चालवत साऱ्या उत्तर किनाऱ्याला वळसा घालायचा, असं आमच्या घरी ठरलं ते एका रविवारी रात्री, पानावर बसल्या-बसल्या. सोमवारी सकाळी बसस्टँडसमोरचा चहावाला मला विचारत होता, "काय सर, इंग्लंडले चालले म्हनते?" इंग्लंड नव्हे, स्कॉटलंड, असं मी म्हणालो. "एकच ना बाप्पा," म्हणून त्यानं कप पुढे केला. हे वाक्य स्कॉटलंडातल्या माणसासमोर चुकूनही उच्चारू नये, एवढं ज्ञान मला होतं. पण यवतमाळ-अमरावती रस्त्यावर त्याचा उपयोग काय?

तसं पाहिलं तर आमच्या घराण्यात सहलीची परंपरा नाही. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, एस.टी.त ड्रायव्हर होते. चौतीस वर्षं त्यांनी अमरावती, परतवाडा, पुसद, दिग्रस या रस्त्यांवर लोकांना लग्नाला, यात्रेला, माहेराला नेऊन पोचवलं. दुकानदाराला सणाच्या दिवशी सुटी नसते हे सर्वांना ठाऊक असतं. पण ज्याच्या घरी एस.टी. असते त्याच्या घरी दिवाळीला माणूसच नसतो, हे फार थोड्यांच्या लक्षात येतं. दिवाळी आली की जादा गाड्या. नरकचतुर्दशीच्या पहाटे आई आबांच्या वाटचं उटणं एका वाटीत झाकून ठेवायची. ते कधी पाडव्याला, कधी भाऊबीज उलटल्यावर घरी येत आणि सुकलेलं ते उटणं पाण्यात कालवून मुकाट्यानं लावून घेत. उन्हाळ्यात पुन्हा लग्नसराई, पुन्हा जादा गाड्या. मी चिखलदरा प्रथम पाहिला तो शाळेच्या सहलीत. प्रासंगिक कराराची गाडी होती आणि योगायोगानं ती हाकायला आबाच होते. आम्ही पोरं दिवसभर पॉइंट बघत हिंडलो. आबा गाडीपाशी थांबले.

स्कॉटलंड आमच्या घरात आणलं ते कन्येनं. ती यंदा बारावीला आहे. जूनमध्ये पुण्याला नाहीतर आणखी कुठे शिकायला जाईल आणि मग सुटीत पाहुणीसारखी घरी येईल. त्याआधी सगळ्यांनी मिळून एकदा कुठेतरी जावं, ही मूळ कल्पना. 'कुठेतरी' म्हणजे माझ्या मनात दापोली होतं. तिच्या मनात ग्लेनफिनन होतं. हॅरी पॉटरच्या चित्रपटात ज्या पुलावरून धूर सोडत आगगाडी जाते, तो एकवीस कमानींचा पूल तिथं आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी, १९०१ साली, त्यावरून रेल्वे सुरू झाली आणि उन्हाळ्यात आजही वाफेच्या इंजिनाची गाडी प्रवाशांसाठी धावते. मी म्हणालो, "अगं, वाफेचं इंजिन बघायला इतक्या दूर कशाला? आपली शकुंतला १९९४ पर्यंत वाफेवरच चालत होती. दारव्ह्याला जाऊन मी कितीदा तरी पाहिली आहे." कन्या म्हणाली, "बाबा, तुम्ही पाहिली. मी बंद पडलेली पाहिली." यवतमाळ-मूर्तिजापूर मार्गावरच्या त्या बारक्या गाडीचे आता गवतात बुडालेले रूळ तेवढे उरले आहेत. या उत्तरावर बोलण्यासारखं काही नव्हतं, आणि दापोली तिथंच मागे पडली.

मग भिंतीवर नकाशा लागला. इनव्हरनेस या गावातून निघून, पश्चिमेच्या आणि उत्तरेच्या किनाऱ्यानं फिरून परत इनव्हरनेसलाच आणून सोडणारा एक रस्ता आहे. त्याला 'नॉर्थ कोस्ट ५००' म्हणतात. रस्ते जुनेच, त्यांना जोडून हे नाव मात्र २०१५ साली दिलं. पाचशे म्हणजे मैल. नेमके ५१६, आपले सुमारे ८३० किलोमीटर. वाहनं आपल्यासारखीच डावीकडून चालतात आणि पाहुण्याला आपल्या भारतीय लायसनवर वर्षभर तिथं गाडी चालवता येते. एवढं समजल्यावर माझ्यातला वीस वर्षं महाविद्यालयात मराठी शिकवणारा माणूस कुठच्या कुठे गेला आणि ड्रायव्हरचा मुलगा तेवढा शिल्लक राहिला.

नकाशावर प्रत्येकानं आपापली टाचणी टोचली. चिरंजीवांची टाचणी लॉक नेसवर. त्या सरोवरातल्या अजस्र प्राण्याचं म्हणून जे प्रसिद्ध छायाचित्र १९३४ साली छापून आलं, ते बनावट असल्याचा गौप्यस्फोट १९९४ मध्येच झाला, हे मी त्याला सांगितलं. "फोटो खोटा होता बाबा, प्राणी नाही," असं तर्कशास्त्र त्यानं मला ऐकवलं. माझी टाचणी बँफ या गावी. ग्रँट डफचं ते जन्मगाव. साताऱ्याला रेसिडेंट असताना त्यानं कागदपत्रं गोळा केली, मायदेशी परतल्यावर १८२६ साली मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत छापला आणि डेव्हिड केपननं 'मराठ्यांची बखर' म्हणून तो मराठीत आणला. त्यातल्या चुका दाखवण्यासाठी कीर्तने पुढे आले, नंतर राजवाडे आले. आपल्याकडचं अर्धं इतिहास-संशोधन या एका स्कॉच माणसावरच्या रागातून उभं राहिलं, असं मी वर्गात नेहमी सांगतो. ज्याच्यावर इतकी वर्षं तोंडसुख घेतलं, त्याचं गाव एकदा पाहावं, ही माझी हौस. पण बँफ पडलं इनव्हरनेसच्या पूर्वेला आणि आमचा रस्ता निघाला पश्चिमेला. मतदान झालं. चार विरुद्ध एक. ग्रँट डफचा मराठी माणसांनी आणखी एकदा पराभव केला.

सौभाग्यवतींनी टाचणी टोचलीच नाही. मात्र प्रश्न विचारले, आणि ते सगळे माझ्यापेक्षा शहाणपणाचे होते. दुधाचे पदार्थ त्या देशात बाहेरून नेता येत नाहीत, म्हणजे तूप नाही आणि पेढेही नाहीत; मग भाजणी, ज्वारीचं पीठ आणि शेंगदाण्याची चटणी किती न्यायची? मेच्या अखेरीस तिकडे सूर्य मावळतो रात्री दहाच्या सुमारास. मग सांजवात कधी लावायची? व्हिसासाठी आपण परत येणार असं कागदांवरून दाखवायचं असतं. त्यासाठी शेताचा सातबारा जोडला तर चालेल का? शेवटच्या प्रश्नाला मी हसलो. आता तो सातबारा इंग्रजी भाषांतरासह फायलीत लागला आहे. दोन एकर सोयाबीन आणि तुरीचे तास टाकून हा मनुष्य स्कॉटलंडात राहणार नाही, हे कुठल्याही सरकारला पटावं.

आबा या सगळ्यात नव्हते. म्हणजे येणार होते, नागपूरला जाऊन पासपोर्टही काढला होता. पण नकाशापुढे उभं राहून मान हलवण्यापलीकडे काही बोलत नव्हते. एके दिवशी चिरंजीवांनी त्यांना त्या रस्त्यावरचा एक व्हिडिओ दाखवला. दोन्हीकडे डोंगर, मध्ये एकच गाडी मावेल एवढी डांबराची पट्टी. आबा पुढे सरकून बसले.

"अन् समोरून गाडी आली तं?"

मी सांगितलं, मध्ये मध्ये रस्ता जरा फुगवलेला असतो, तिथं पाटी असते. आपल्या डाव्या हाताला अशी जागा असेल तर आपण तिच्यात शिरायचं. उजव्या हाताला असेल तर तिच्यासमोर आपल्याच बाजूला थांबायचं. समोरचा तिच्यात शिरून निघून जातो.

"म्हंजे जो जागेपाशी आधी आला, त्यानं थांबाचं."

"हो. आणि चढ असेल तर वर येणाऱ्याला शक्यतो आधी वाट द्यायची."

"हे तं आपल्या घाटातलंच हाय," आबा म्हणाले. "चढत्या गाडीले वाट. आता कोन देते?" थोडा वेळ गेला. "अन् थांबल्यावर मंग?"

"जाणारा हात वर करून आभार मानतो. थांबलेलाही हात वर करतो."

आबांनी तो व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. मग पुन्हा. त्या रस्त्याचा एक भाग एका खिंडीतून जातो. समुद्राच्या पातळीपासून निघून, नागमोडी वळणं घेत ६२६ मीटरपर्यंत चढतो. मोठ्या गाड्यांनी इकडे येऊ नये, अशी सूचना पायथ्याशीच आहे. आपला चिखलदरा अकराशे मीटरवर, तेव्हा उंचीचं आबांना काही वाटलं नाही. पण नाव ऐकून ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. गेलिक भाषेत तिला म्हणतात 'ब्यालाख ना बा'. अर्थ गुरांची खिंड. पूर्वी त्या वाटेनं गुरं बाजाराला नेत. वऱ्हाडी कानाला मात्र ते नाव साफ 'भ्यालास ना बा?' असं ऐकू येतं. त्या दिवसापासून घरात कुणीही कशालाही बिचकलं की आबा तेच विचारतात.

मला त्यांना आणखी काही सांगायचा मोह आवरला नाही. ज्या चिखलदऱ्याच्या घाटात ते इतकी वर्षं गाडी हाकत होते, त्याच्या माथ्यावर गाविलगड आहे. १५ डिसेंबर १८०३ रोजी इंग्रजांनी तो भोसल्यांकडून घेतला, तेव्हा आतल्या किल्ल्याच्या तटाला शिडी लावून प्रथम चढली ती ९४ व्या पलटणीची तुकडी; त्या पलटणीचं नावच स्कॉच ब्रिगेड. त्यांचा कॅप्टन कँपबेल नावाचा होता. व्हिसा नाही, सातबारा नाही, थेट तटावर. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हंजे ते येऊन गेले," ते म्हणाले. "मंग आपनही जाऊन येऊ. कोनाचं उसनं ठेवाचं नाही."

पुढच्या आठवड्यात त्यांच्या पेटीतली एक वस्तू टेबलावर आली. त्यांचं लायसन. मुदत संपण्याआधीच त्यांनी यवतमाळला जाऊन, डॉक्टरचा दाखला जोडून नवं करून आणलं होतं. मला कुणी काही सांगितलं नव्हतं. त्यांनीही फक्त एवढंच विचारलं, "हे चालते का तिकडे?"

चालतं, असं म्हणालो. आणि मग रात्री घरात मोठा वाद झाला. अर्थात हळू आवाजात. आबांना साखर आहे. दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे. डोळ्यांच्या डॉक्टरांनी गाडी चालवायला हरकत नाही म्हटलं, हे खरं. पण डॉक्टर नेरचे रस्ते धरून बोलत होते, ब्यालाख ना बा धरून नव्हे. शिवाय त्यांच्या सदऱ्याला कधीकाळी लागलेला पंचवीस वर्षं विनाअपघात सेवेचा बिल्ला आहे. तो देव्हाऱ्याशेजारी असतो. परक्या मुलखात एखाद्या दगडाला गाडी घासली, तरी या माणसाचं काय होईल, याची मला धास्ती. मी हे सगळं सौभाग्यवतींना नीट पटवून सांगितलं.

"अहो," त्या म्हणाल्या, "तुमच्या गाडीत बसून अमरावतीला जाते तेव्हा मी रामरक्षा म्हणते. आबांच्या गाडीत मला झोप लागते."

यावर कुठल्या विद्यापीठाची पदवी पुरी पडेल?

आणखी एक अडचण कागदोपत्री होती. भाड्यानं गाडी देणाऱ्या काही कंपन्या पंचाहत्तर पूर्ण झालेल्या माणसाच्या हाती गाडी देत नाहीत. आबांची खरी जन्मतारीख कुणालाच माहीत नाही. शाळेत नाव घालताना मास्तरांनी वर्गातल्या बहुतेक पोरांची लिहितात तशी १ जुलै लिहिली. त्या हिशेबानं ते येत्या १ जुलैला पंचाहत्तर पूर्ण करतील. मी मनातल्या मनात म्हणालो, सहल जून उलटून गेली तर प्रश्न आपोआप सुटेल, कुणाला नाही म्हणावं लागणार नाही. पण जूनच्या मध्यावर माझं कॉलेज सुरू होतं, कन्येचे प्रवेश त्याच सुमारास, आणि मेच्या अखेरीनंतर त्या डोंगरांत मिज नावाची चावरी चिलटं उठतात. मे महिनाच सोयीचा होता. शाळेतल्या कुणा मास्तरांनी सत्तर वर्षांपूर्वी दौतीत टाक बुडवून आबांना बरोबर सहा आठवड्यांची सवड देऊन ठेवली होती.

गाडीचा अर्ज सौभाग्यवतींनी भरला. त्यात 'दुसरा चालक' असा एक रकाना असतो आणि त्याचे जास्तीचे पैसे पडतात. तो रकाना भरलेला मी नंतर पाहिला. आबांना एकूण किती किलोमीटर द्यायचे, हा तह अजून झालेला नाही. मी चाळीस म्हणतो, सूनबाई दीडशे म्हणतात, नातवंडं म्हणतात सगळी खिंड. आबा काहीच म्हणत नाहीत. पहाटे पाचला उठून, माझ्या गाडीची किल्ली खिळ्यावरून काढून दारव्ह्याच्या रस्त्याला दहा-बारा किलोमीटर जाऊन येतात. परवा मीही बरोबर गेलो. समोरून एक बैलगाडी येत होती. रस्ता चांगला दोन गाड्यांचा, तिला काही अडचण नव्हती. तरी आबांनी लांबूनच इंडिकेटर दिला, गाडी डावीकडे एका बाभळीखाली नेऊन उभी केली आणि बैलगाडी शेजारून जाईपर्यंत काचेबाहेर हात वर करून थांबून राहिले.

गाडीवानानं बैल थांबवले. "काय झालं आबा? गाडी बंद पडली काय?"