ब्यूरोची बाई सुट्टीवर

काशीद, ता. मुरुड

ती. आत्यास सा. न.

काकांसाठी कंपनीतून, म्हणजे बायका पुरवणाऱ्या ब्यूरोतून, दिवसरात्रीची बाई ठेवायची म्हणतेस. अशी बाई नेमकं काय करते, हे तू फोनवर विचारलंस. कंपनीच्या माहितीपत्रकात हसरे आजी-आजोबा असतात, बाईची बाजू त्यात नसते. ती बाजू सध्या आमच्या शेजारी सुट्टीवर आली आहे.

या शेजारणीचं घर पूर्वी वाडीवर चालायचं. 3 जून 2020च्या निसर्ग चक्रीवादळात नारळ-पोफळी आडव्या झाल्या, आणि नवी पोफळ धरायची म्हणजे काही वर्षं थांबणं आलं. काशीदला शनिवार-रविवारी पर्यटकांची झुंबड असते, त्यामुळे भाकऱ्या भाजायचं काम मिळायचं. पण पावसाळ्यात समुद्र बंद की चूलही थंड. शेवटी ओळखीनं मुंबईची कंपनी धरली. थोडं शिक्षण, गणवेश, गळ्यात ओळखपत्र, आणि थेट पेशंटच्या घरी.

शिकवलेलं ती इतक्या बारकाईनं सांगते की ऐकत राहावं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं, नाहीतर पाठीला जखमा होतात. वर सरकवताना काखेत हात घालून ओढायचं नाही. कमरेखाली आडवी चादर असते, तिची टोकं दोघांनी दोन बाजूंनी धरायची. घरात दुसरं कोणी नसेल तर? "मग काय, कंबर आपलीच," असं म्हणून ती हसते. नाकातल्या नळीतून भरवताना डोकं उंच ठेवायचं, नंतरही लगेच आडवं करायचं नाही. स्मृतिभ्रंशाच्या आजी संध्याकाळ झाली की स्वतःच्याच घरात "मला घरी सोड" म्हणून दार हलवतात. त्यांच्याशी वाद घालायचा नसतो. ही त्यांना चप्पल घालून जिन्यापर्यंत नेते आणि चहाला म्हणून परत आणते. हे मात्र तिला कोणी शिकवलेलं नाही.

शंतनू नायडूंनी 2022मध्ये रतन टाटांच्या गुंतवणुकीवर मुंबईत 'गुडफेलोज' ही सोबतीची कंपनी काढली. तिथे तरुण पदवीधर म्हाताऱ्यांना सोबत करतात, गप्पा मारतात, फिरायला नेतात. मी हे सांगितलं तर ती म्हणाली, "गप्पा मीपण मारते, डायपर बदलता बदलता."

तिची तक्रार घाणीची नाही, वेळेची आहे. बारा तासांच्या ड्युटीला निदान सुटण्याची वेळ असते. चोवीस तासांच्या ड्युटीत झोपायचं पेशंटच्या खाटेशेजारी, आणि ती झोप कामात धरायची की विश्रांतीत, हे कोणीच ठरवत नाही. त्यात एखाद्या घरी हळूहळू भांडी येतात, मग पोळ्या. कंपनीला सांगावं तर "ॲडजस्ट करा". पगारातलं कमिशन मात्र वेळेवर कापलं जातं. 2007च्या कायद्यानं आईवडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलांवर टाकली. ती प्रत्यक्ष उचलणारे हात हिचे, आणि ते थकले तर पुढे काय, हे त्यात येत नाही.

ही परदेशी का जात नाही म्हणशील, तर ऑक्टोबर 2023मध्ये युद्ध पेटलं तेव्हा इस्रायलमध्ये सुमारे 18,000 भारतीय होते, आणि त्यांत वृद्धांची काळजी घेणारेच जास्त. तिथे पगार बरा, असं हिनंही ऐकलंय. पण मुलगी दहावीला आहे.

तेव्हा आत्या, बाई यायच्या आधीच कामं कागदावर लिहून घे. तिची झोपायची जागा, जेवण, आठवड्याची सुट्टी आणि त्या दिवशीची बदली बाई, सगळं. काकांना रात्री किती वेळा उठवावं लागतं तेही खरं सांग. बहुतेक घरं नेमकं तेच लपवतात.

सोमवारच्या एसटीनं ती परत जाणार. नव्या पेशंटसाठी कंपनीचा काल फोन आला, तेव्हा मी अंगणातच होतो. पत्ता, पगार नंतर. हिनं आधी विचारलं, "वजन किती आहे?"

तुझा,
भाचा