बूट मऊ आहेत, पण पाय काय सांगतोय?



"डॉक्टर, कोणते बूट घेऊ?" हा प्रश्न मला आठवड्यातून दोन-तीनदा तरी ऐकू येतो. गुडघे दुखणारे विचारतात, टाच दुखणारे विचारतात. मधुमेहाचं निदान नुकतंच झालंय आणि ज्यांना मी "रोज चाला" असं सांगितलंय, ते तर विचारतातच. माझं उत्तर ठरलेलं असायचं, "चांगले मऊ स्पोर्ट्स शूज घ्या." तेवढ्यात पुढचा पेशंट आत आलेला असायचा.

गेल्या एप्रिलमध्ये एक काका आले. वय ६६, निवृत्त शिक्षक, मधुमेह होऊन १४ वर्षं झालेली. मुलाने वाढदिवसाला जाड गादीचे ट्रेल रनिंग शूज दिले होते, तेच घालून आले होते. डोंगरवाटांवर धावण्यासाठी असतात ते. "आता पर्वती चढायला हरकत नाही ना?" त्यांनी विचारलं. मी खुर्चीतूनच बुटांकडे नजर टाकली आणि म्हणालो, "वा! बिनधास्त चढा."

तीन आठवड्यांनी काकू त्यांना घेऊन आल्या. धुवायला टाकलेल्या मोज्यावर डाग दिसला म्हणून. उजव्या करंगळीच्या बाहेरच्या बाजूला मटाराच्या दाण्याएवढी जखम होती आणि तिच्याभोवती लाली. काकांना काहीच दुखलं नव्हतं. "एवढे मऊ बूट आहेत डॉक्टर, ते चावतील कसे?" ते खरोखरच आश्चर्याने विचारत होते.

जखम हाडापर्यंत गेली नव्हती, हे आमचं नशीब. ती भरायला सहा आठवडे लागले. पण एप्रिलमध्ये मी त्यांना मोजे काढायला सांगितलं नव्हतं, ही चूक माझी. पायाची संवेदना तपासायला दोन-तीन मिनिटं लागतात. ती मी दिली नाहीत आणि ज्या वस्तूबद्दल मला फारसं माहीत नव्हतं तिला पसंती देऊन मोकळा झालो.

म्हणून मी ठरवलं की हे बूट आधी स्वतः घालून पाहायचे. माझं वय ५४. आठवड्यातून तीन दिवस मी वेताळ टेकडीवर हळूहळू धावतो. त्यातच वर्षभर टाच दुखत होती. सकाळी अंथरुणातून उठून टाकलेलं पहिलं पाऊल नको व्हायचं. म्हणजे मला निमित्तही होतं आणि थोडा स्वार्थही.

ही जाड गादी आली कुठून?

पंधराएक वर्षांपूर्वी धावणाऱ्यांमध्ये अगदी पातळ तळाच्या बुटांची हवा होती. त्याच सुमारास, २००९ साली, दोन फ्रेंच माणसांनी होका ही कंपनी काढली आणि बरोबर उलटं केलं. डोंगर वेगाने पण सुखाने उतरता यावा म्हणून त्यांनी खूप जाड तळ बनवला. आधी लोक त्या बुटांना हसले. आज जवळपास प्रत्येक कंपनी तसे बूट बनवते. माझी जोडी कोणाची आहे ते मुद्दाम सांगत नाही, कारण हा लेख कंपनीबद्दल नाही.

माझ्या बुटात टाचेखाली ३४ मिलिमीटर आणि चवड्याखाली ३० मिलिमीटर जाडी आहे. या दोन्हींतल्या फरकाला 'ड्रॉप' म्हणतात, म्हणजे इथे तो ४ मिलिमीटर. माझ्या जुन्या बुटांचा १० होता. तळाला मातीत रुतण्यासाठी ४ मिलिमीटरचे रबरी दाते आहेत.

धावताना प्रत्येक पावलाला आपल्या वजनाच्या साधारण दोन ते तीन पट जोर पायावर येतो. गादी तो जोर नाहीसा करत नाही. ती दाबली जाते, त्यामुळे धक्का थोड्या जास्त वेळात आणि तळव्याच्या मोठ्या भागावर पसरतो. म्हणून तो आपल्याला 'मऊ' वाटतो.

टेकडीवरचे सहा आठवडे

पहिल्या आठवड्यात टाच खूश होती, पण पोटऱ्या दुखल्या. कारण सोपं आहे. ड्रॉप कमी झाला की टाच आधीपेक्षा खाली येते आणि पोटरी व तिची टाचेला जोडणारी जाड नस यांना जास्त ताण सोसावा लागतो. नवे बूट पहिल्या दिवसापासून पूर्ण अंतरासाठी वापरू नयेत ते यासाठीच.

दुसऱ्या आठवड्यात टेकडीच्या मुरमाड उतारावर मजा आली. जुन्या बुटांत खडी सरकायची, इथे दात्यांनी ती धरून ठेवली. उतरताना मांड्यांना बसणारे हादरेही कमी वाटले. मात्र सुकलेल्या गवताखालच्या दगडावर पाऊल पडलं तेव्हा घोटा चांगलाच कलंडला. पाय जमिनीपासून जेवढा उंच, तेवढा तो मुरगळायला वाव जास्त.

तिसऱ्या आठवड्यात सकाळचं पहिलं पाऊल जवळजवळ दुखेनासं झालं. मग चौथ्या आठवड्यात मी तेच केलं, ज्यावरून पेशंटना रागावतो. आठवड्याला १६ किलोमीटर धावणारा मी २७ किलोमीटर धावलो. कोणी सांगितलं नव्हतं. पाय तक्रार करत नव्हता, एवढंच. पाचव्या आठवड्यात उजव्या नडगीच्या आतल्या कडेला दुखायला लागलं. टाच मऊ गादीवर होती, पण नडगीच्या हाडावर आणि स्नायूंवर वाढलेल्या अंतराचा भार येतच होता. हाडांना आणि नसांना नव्या भाराची सवय व्हायला आठवडे, कधी महिने लागतात. बूट बदलून ती मुदत कमी होत नाही. दहा दिवस धावणं बंद ठेवलं, तेव्हा दुखणं थांबलं.

सहाव्या आठवड्यात, जूनच्या पावसात, आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड नुसता चालत चढलो. चिखलात बुटांनी छान पकड दिली. पण ओल्या, शेवाळलेल्या कातळावर दोनदा पाय सटकला. दाते मातीत रुततात, गुळगुळीत दगडात रुतायला जागाच नसते. 'ट्रेल' असं लिहिलंय म्हणून बूट कुठेही घसरणार नाही, असं समजू नका.

संशोधन काय म्हणतं?

२०१८ साली फिनलंडमधल्या संशोधकांनी १२ धावपटूंना जाड गादीचे आणि साधे, असे दोन्ही बूट घालून धावायला लावलं. वेग वाढल्यावर जाड गादीच्या बुटांत पाय जमिनीवर आदळण्याचा धक्का कमी न होता वाढलेला दिसला. तळ मऊ असला की आपण पाय जास्त ताठ ठेवून टाकतो, असं त्यांचं स्पष्टीकरण होतं. उलट २०२० साली लक्झेंबर्गमधल्या अभ्यासात ८०० हून अधिक हौशी धावपटूंना दिसायला सारखेच पण कडक किंवा मऊ तळाचे बूट दिले गेले. सहा महिन्यांत कडक तळवाल्यांना दुखापती जास्त झाल्या.

मग खरं काय? दोन्ही. पहिल्या अभ्यासाने धक्का मोजला, दुसऱ्याने दुखापती मोजल्या. एकूण मऊ बुटांचा थोडा फायदा दिसतो. पण ते औषध नाही आणि जास्त पळायचा परवानाही नाही.

हरभऱ्याचा दाणा

काकांसाठी मी आणखी एक प्रयोग केला. एका मोठ्या खड्यावर बूट घालून उभा राहिलो. काहीच कळलं नाही. मग बुटाच्या आत हरभऱ्याचा एक दाणा टाकून चाललो. चौथ्या पावलाला थांबून बूट काढावा लागला. गादी खालून येणाऱ्या गोष्टीपासून वाचवते. पाय आणि बूट यांच्या मध्ये जे आहे, म्हणजे खडा, शिवण किंवा अरुंद पुढचा भाग, त्यापासून वाचवते ती आपली संवेदना. ती काकांकडे नव्हती.

हे आपल्याच देशात फार पूर्वी कळलेलं आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये डॉ. पॉल ब्रँड १९४६ पासून काम करत होते. कुष्ठरुग्णांची बोटं आपोआप 'झडत' नाहीत, वेदना न कळल्यामुळे पुन्हा पुन्हा होणाऱ्या इजांनी ती जातात, हे त्यांनी दाखवून दिलं. बधिर पायांसाठी मऊ मायक्रोसेल्युलर रबराच्या चपला, एमसीआर चपला, आपल्याकडे आजही देतात. मधुमेहींनाही त्या उपयोगी पडतात. म्हणजे बधिर पायाला मऊ तळ हवाच. पण त्याबरोबर पुरेशी रुंदी हवी आणि रोज पाहणारी नजर हवी.

काका पुढच्या वेळी आले तेव्हा मी त्यांचे मोजे काढले. नायलॉनच्या तंतूने, १० ग्रॅम दाबाने, दहा जागी स्पर्श केला. त्यांना चार जागी कळला. मग त्यांच्या बुटातला आतला सुटा तळ बाहेर काढून जमिनीवर ठेवला आणि त्यावर उभं राहायला सांगितलं. उजवा पाय करंगळीच्या बाजूने जवळजवळ एक सेंटीमीटर बाहेर आला. काका बराच वेळ खाली बघत राहिले. "नंबर बरोबर आणला होता हो त्याने," ते हळूच म्हणाले. मुलाची बाजू घेत होते. मी म्हणालो, "त्याचं काही चुकलं नाही काका. बघायचं काम माझं होतं."

तुम्ही काय कराल?

- बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. नेहमीचे मोजे घालून दोन्ही पायांवर उभं राहून पाहा. सर्वात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी.
- आतला तळ काढून त्यावर उभे राहा. पाय बाहेर येत असेल तर बूट कितीही मऊ असो, परत करा.
- पहिल्या दिवशी तासभरच घाला. मग बूट काढून पायावर लाल चट्टा उठलाय का ते बघा. अंतर आठवड्या-आठवड्याने, थोडं थोडंच वाढवा.
- साधारण ५०० ते ८०० किलोमीटरनंतर गादी दबते, तेव्हा जोडी बदला.
- मधुमेह असेल तर बूट घालण्याआधी रोज आत हात फिरवा आणि बूट उलटा करून झटका. रात्री तळवे आणि बोटांमधली जागा पाहा. वाकता येत नसेल तर आरसा वापरा किंवा घरच्यांना दाखवा. वर्षातून एकदा तरी डॉक्टरांकडून पाय तपासून घ्या.
- फोड, जखम, लाली, गरमपणा किंवा अचानक सूज दिसली तर दुखायची वाट पाहू नका, त्याच दिवशी दाखवा. नडगीवर एकाच ठिकाणी बोट ठेवल्यावर दुखत असेल तर धावणं थांबवा आणि तपासून घ्या.

माझे बूट मी ठेवलेत. टाचेला ते आवडतात. पण आता आठवड्याचे किलोमीटर वहीत लिहितो, पायाच्या गप्प राहण्यावर विसंबत नाही. काकांनी रुंद बूट घेतलेत आणि हळूहळू पर्वतीही पुन्हा सुरू केलीय. रात्री काकू चष्मा लावून त्यांचे तळवे तपासतात. "वह्या तपासल्यासारखं," काका म्हणतात.

आता कोणी विचारलं, "डॉक्टर, कोणते बूट घेऊ?" की मी म्हणतो, "आधी मोजे काढा बघू."