नसलेल्या गावाची पेठ

डिस्नेला जायचं म्हटलं की आधी तिकिटाचा हिशेब मांडावा लागतो. ऑरलँडोजवळ त्यांची चार मोठी उद्यानं आहेत. एका उद्यानाचं, एका माणसाचं, एका दिवसाचं तिकीट शंभर डॉलरच्या वर, आणि गाडी उभी करायचे तीसेक डॉलर वेगळे. टँपाला राहणाऱ्या माझ्या भाच्याने हे सगळं सांगितल्यावर ताई आणि मी एकमेकींकडे पाहिलं. आमची गुडघेदुखी आणि तिथल्या रांगा यांचं काही जमणारं नव्हतं. मग तोच म्हणाला, "मावशी, तुम्हाला डिस्ने स्प्रिंग्जला नेतो. दुकानं आहेत, खाणं आहे, तळं आहे. आत जायला पैसे नाहीत आणि पार्किंगही फुकट." ताईने लगेच पर्स काढली. म्हणजे फुकटात किती खर्च होणार, याचा तिला अंदाज आला असावा.

फेब्रुवारीतली शनिवारची दुपार होती. आय-फोर महामार्गावरून मोटारींचा लोंढा चालला होता. त्या लोंढ्यातूनच एक फाटा थेट पार्किंगच्या इमारतीत शिरतो. तिथल्या पार्किंगच्या इमारतींना लाइम, ऑरेंज, ग्रेपफ्रूट अशी नावं आहेत, फ्लोरिडातल्या फळबागांची आठवण म्हणून. प्रत्येक जागेच्या डोक्यावर एक दिवा. हिरवा असेल तर जागा रिकामी, लाल असेल तर भरलेली. कुठल्या मजल्यावर किती जागा उरल्यात, ते पाटीवर दिसत राहतं. पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर गाडी लावायला निघालेल्या माणसाचे या दिव्यांकडे बघून डोळे भरून येतील. या इमारती बांधल्या त्या इथल्या 'रीडी क्रीक' नावाच्या स्थानिक विकास मंडळाने. 1967 साली राज्याने कायदा करून हे मंडळ नेमलं आणि रस्ते, गटारं, अग्निशमन असली नगरपालिकेची बहुतेक कामं त्याच्याकडे दिली. मंडळाच्या हद्दीतली बहुतेक जमीन डिस्नेचीच, त्यामुळे कारभारही कंपनीच्याच कलाने चाले. 2023 मध्ये राज्य सरकारने मंडळाचं नाव बदललं आणि त्यावर आपली माणसं बसवली, तोवर हे असंच होतं.

सुरक्षा तपासणी झाली, सरकता जिना उतरलो आणि एका जुन्या गावाच्या मुख्य चौकात आलो. स्पॅनिश धाटणीची कौलं, कमानी, लोखंडी कठड्यांचे सज्जे, पिवळट भिंती. मधोमध निळ्या-हिरव्या पाण्याचा झरा, त्यावर छोटे पूल. या गावाची गोष्ट मी येण्याआधी वाचली होती. 1850 च्या सुमारास एका गुरं पाळणाऱ्या माणसाला इथे झरा सापडला, त्याने काठावर घर बांधलं, हळूहळू वस्ती वाढली, रेल्वे आली, 1920 च्या दशकात पैसा आला आणि ही दिमाखदार पेठ उभी राहिली. गोष्ट छान आहे. फक्त यातलं काहीही घडलेलं नाही. गुराखी नव्हता, रेल्वे नव्हती, झराही माणसांनी केलेला आहे. ही पेठ 2015-16 मध्ये उघडली आणि तिला शोभेल असा भूतकाळ तिच्यासोबतच लिहून घेतला.

तो भूतकाळ किती बारकाईने लिहिलाय, हे पुढे 'द लँडिंग' नावाच्या भागात दिसतं. एक उपाहारगृह म्हणे 1930 च्या दशकातलं विमानतळाचं टर्मिनल, दुसरं जुनं वीजघर, तिसरा बार म्हणजे विमानाचं हँगर. इंडियाना जोन्सच्या पहिल्या सिनेमात त्याला साप असलेल्या विमानातून पळवून नेणारा वैमानिक आठवतोय? तो निवृत्त होऊन इथे राहायला आला आणि हे हँगर त्याचं, अशी कल्पना. विटांवर मुद्दाम पुसट केलेली रंगवलेली अक्षरं, तुळयांवर गंजाचा रंग. आमच्याकडे खऱ्या वाड्यांचे दगड उपसून तिथे काचेचे मजले चढवतात. इथे नव्या सिमेंटला सुरकुत्या काढायला माणसं नेमतात. मला राग यायला हवा होता. पण सज्ज्याखालच्या बाकावर टेकले, समोर कुणीतरी गिटार वाजवत होतं, आणि मला ते सगळं आवडत होतं.

या जागेला खरा इतिहासही आहे, आणि तो खोट्यापेक्षा गमतीचा आहे. 1955 साली कॅलिफोर्नियातल्या अनाहाइमला डिस्नेलँड सुरू झालं, तेव्हा वॉल्ट डिस्नेकडे जमीन कमी होती. उद्यानाला गर्दी लोटली आणि कुंपणाबाहेर मोटेलं, दुकानं, खाणावळी उगवल्या. जेजुरीला गड खंडोबाचा, पण पायथ्याची भंडाऱ्याची आणि खोबऱ्याची दुकानं इतरांची, तसंच ते झालं. वॉल्टला ते सोसलं नाही. फ्लोरिडात त्याने वेगवेगळ्या नावांच्या कंपन्या काढून गुपचूप 27 हजार एकरांहून जास्त जमीन घेतली. म्हणजे पायथाही आपला आणि पायथ्याची दुकानंही आपली. तो 1966 च्या डिसेंबरमध्ये गेला, उद्यान 1971 साली उघडलं आणि 1975 च्या मार्चमध्ये या तळ्याकाठी 'लेक ब्युएना व्हिस्टा शॉपिंग व्हिलेज' सुरू झालं. पुढे त्याची नावं बदलत गेली. 1997 पासून ते 'डाउनटाउन डिस्ने' होतं, 2015 पासून 'डिस्ने स्प्रिंग्ज' आहे. भाच्याचे अमेरिकेतले जुने मित्र अजून डाउनटाउनच म्हणतात.

आत्ता 'द लँडिंग' आहे तिथे 1989 पासून 'प्लेझर आयलंड' होतं. रात्रीच्या क्लबांचं बेट. रोज मध्यरात्री तिथे नववर्षाची आतषबाजी होई, अगदी 17 जुलैलाही. आणि त्या बेटालाही त्याचा रचलेला इतिहास होता. मेरिवेदर प्लेझर नावाचा कारखानदार 1911 साली इथे आला, त्याने शिडांच्या कापडाचा कारखाना काढला आणि 1941 मध्ये तो समुद्रात बेपत्ता झाला. त्याच्या ओस पडलेल्या गोदामांत हे क्लब सुरू झाले, अशा पाट्या भिंतींवर लावलेल्या असत. 2008 साली क्लब बंद झाले. पुढे गोदामं पाडली किंवा बदलली आणि बिचाऱ्या प्लेझरसाहेबांच्या जागी गुराखी आला. खोट्या इतिहासालाही वारसा जतन समिती असायला हवी, असं मला तिथे उभ्या उभ्या वाटलं. एकोणीस वर्षं लोकांनी तिथे प्रेमं जमवली, मोडली, नाचून पाय दुखवून घेतले. ते सगळं तर खरंच घडलं होतं.

तळ्याच्या काठाला तीन मजली आगबोट बांधलेली दिसते. ती 1977 ची, आणि बांधलेली म्हणजे अक्षरशः बांधलेलीच आहे. पाया घालून, इमारतीसारखी. नाव होतं 'एम्प्रेस लिली', वॉल्टची बायको लिलियन हिच्यावरून, आणि लिलियननेच ती लोकांसाठी खुली केली होती. जन्मापासून ती एक फूटही हललेली नाही. मध्ये तिची धुराडी आणि मागचं मोठं चाक काढून टाकलं होतं, नंतर पुन्हा बसवलं. आता तिथे माशांचं रेस्टॉरंट आहे. माझ्या मते या सगळ्या परिसरात जुनी म्हणण्यासारखी हीच. खोटी बोट म्हणून जन्मली, पण आता खरोखर पन्नाशीला आलीय.

तिच्यापासून थोड्या अंतरावर एक मोटार उतारावरून घसरत सरळ पाण्यात गेली. ताई किंचाळली. आत बसलेले तिघं-चौघं मात्र हसत होते. मागे दोन पंखे फिरायला लागले आणि मोटार तळ्यात पोहत निघाली. निळसर अंगाची, मागे शेपटासारखे पंख असलेली, अगदी खेळण्यातली वाटावी अशी. आणि ही तर त्या बोटीहूनही जुनी निघाली. हिला 'अँफिकार' म्हणतात. 1960 च्या दशकात पश्चिम जर्मनीत या गाड्या बनल्या. मॉडेलचं नाव 770, कारण पाण्यात वेग सात नॉट आणि रस्त्यावर सत्तर मैल. वेगळं सुकाणू नाही, पुढची चाकं वळवली की पाण्यातही गाडी वळते. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सनकडे अशी एक गाडी होती. टेक्सासच्या आपल्या मळ्यावर तो पाहुण्यांना फिरवायला न्यायचा, उतारावर "ब्रेक लागत नाहीत" म्हणून ओरडायचा आणि गाडी तळ्यात घालायचा. व्हिएतनामच्या युद्धात अडकलेल्या माणसाला एवढी मौज सुचायची, याचं मला नवल वाटलं. फेरीचं भाडं शंभर डॉलरच्या पुढे. ताई म्हणाली, "आपण काठावरूनच बघू. बुडली तर तेही दिसेल."

'रॅग्लन रोड' या आयरिश पबच्या बाहेर बाकावर एक ब्राँझचा माणूस बसलाय. टोपी, चष्मा, हाताची घडी. लोक त्याच्या मांडीला मांडी लावून फोटो काढतात, हातातलं आइस्क्रीम त्याच्या पुढ्यात धरतात. हा पॅट्रिक कॅव्हना, आयर्लंडचा कवी, 1967 साली डब्लिनमध्ये वारला. पबला त्याच्याच एका कवितेचं नाव दिलंय. पबच्या आतले लाकडी बार आयर्लंडहून सोडवून आणलेले, शंभराहून अधिक वर्षांचे. फिश-चिप्स आणि बर्गर यांच्या गराड्यात एका कवीला बाक मिळावा, हे पाहून मी चकित झाले. मग मीही शेजारी बसून फोटो काढून घेतला. नाव वाचून "हे कोण?" असं विचारणारी एक छोटी मुलगी होती. तिच्या वडिलांनी सांगितलं, "इथला मालक."

जेवणाचं फारसं सांगत नाही. मोरिमोतोंचं आशियाई, होसे आंद्रेसचं स्पॅनिश अशी मोठ्या शेफांची मोठी नावं आहेत आणि बिलंही त्याच मापाची. पंजाबात जन्मलेल्या मनीत चौहानचं छोटं भारतीय उपाहारगृहही होतं, पण तिथे ताई अडून बसली, "इतक्या लांब येऊन नान खायचा?" शेवटी 'गिडियन्स'च्या बिस्किटावर एकमत झालं. एकेक कुकी पावशेराच्या घरात जाते. तिच्यासाठी रांग एवढी की फोनवर नंबर लावून दोन-अडीच तास फिरत बसायचं, आपली पाळी आली की संदेश येतो. त्या तेवढ्या वेळात माणूस आणखी चार दुकानांत शिरतो, हे रांग लावणाऱ्यांना ठाऊक असणारच. आम्ही शिरलो. 'वर्ल्ड ऑफ डिस्ने' दुकानाच्या दारावर बसलेल्या स्टिच नावाच्या निळ्या कार्टून प्राण्याने खालून जाणाऱ्यांवर पाणी थुंकलं, त्यात मीही आले. लेगोच्या दुकानापुढे विटांचा भला मोठा जलसर्प तळ्यातून डोकं वर काढून होता. आतली गर्दी पाहून मी बाहेरच थांबले. ताई आत गेली आणि नातवासाठी दोन टी-शर्ट, एक टोपी, स्वतःसाठी एक मग घेऊन आली. फुकटच्या जागेचा आमचा हिशेब तिथेच उद्यानाच्या तिकिटापर्यंत पोचला.

निघताना मला एक शंका आली. पार्किंग फुकट आहे, तर लोक इथे गाडी लावून बसने उद्यानात का जात नाहीत? भाचा हसला. "तशी बसच नाही. हॉटेलांतून इथे बस येते, संध्याकाळी उद्यानांतूनही इथे येते. इथून उद्यानात जाणारी मात्र ठेवलेली नाही." वॉल्टला अनाहाइममध्ये मिळालेला धडा त्याच्या माणसांनी असा पाठ केलाय.

दुसऱ्या दिवशी, भाच्याच्या हट्टावरून, ब्लू स्प्रिंगला गेलो. ऑरलँडोच्या उत्तरेला, सेंट जॉन्स नदीकाठी सरकारी उद्यान आहे. फ्लोरिडात असे खरे झरे शेकडो आहेत, आणि स्प्रिंग्जमधला तो निळा-हिरवा रंग त्यांच्यावरूनच उचललेला. इथे मात्र गाडीमागे सहा डॉलर. तेही सकाळी लवकर पोचलात तर, कारण हिवाळ्यात सुट्टीच्या दिवशी जागा भरली की फाटक लावून घेतात. झऱ्याचं पाणी बारा महिने 22 अंशांच्या आसपास असतं. त्यामुळे नदी गारठली की मॅनटी, म्हणजे पाणगायी, उबेसाठी आत येऊन राहतात. लाकडी वाटेवरून खाली पाहिलं तर त्या पाण्यात राखाडी धोंड्यांसारख्या पडून होत्या, मध्येच एखादी श्वास घ्यायला वर येई. काहींच्या पाठीवर मोटारबोटींच्या पंख्यांनी झालेले पांढरे व्रण होते.

ताई कठड्याला टेकून बराच वेळ बघत राहिली. मग भाच्याकडे वळून म्हणाली, "इथे काही दुकान वगैरे आहे का रे?"

"आहे, छोटंसं."

"मग चल. यांचा मग मिळतो का बघू."